डावी मांडी

सात वाजून पाच. बाहेर उणे अकरा.
मिलवॉकीच्या या शाळेला दारं नऊ,
त्यातलं एकच उघडायचं.
बाकी आठ आतून ढकलली की बोंब मारतात.

मी आधी इथेच कँटीनमध्ये होते,
मका वाढायचे, वाटाणे वाढायचे,
कोणाला वाटाणे चालत नाहीत ते लक्षात ठेवायचे.
तासाला चाळीस सेंट जास्त मिळतात म्हणून
पळी ठेवली, कांडी धरली.
पोरं तीच. भूकही बहुतेक तीच.

यंत्र जुनं. काउंटीच्या कोर्टातून
निवृत्त होऊन आलेलं;
खोड काही गेली नाही,
अजून समोर येईल त्याला आरोपीच समजतं.
फायलीच्या कड्यांवर ओरडतं,
बरिटोच्या चंदेरी कागदावर ओरडतं,
ट्रम्पेट दिसला की त्याच्या अंगातच येतं.
डिसेंबरात पा न्यानं हमोंग नाचासाठी
आईची चांदीची सरी आणली होती,
किलोभर वजनाची. करड्या ट्रेमध्ये
तिनं ती अशी ठेवली
जसं नुकतं न्हाऊ घातलेलं तान्हं.
मागची रांग बर्फात पाय आपटत होती
आणि कोणीच घाई कर म्हणालं नाही.

खरंही सापडलं आहे. एकदा.
ऑक्टोबरात, नववीतला पोरगा,
यंत्र बोलायच्या आधी तोच रडायला लागला.
दप्तर उचललं तेव्हा हाताला वजन कळलं.
त्या संध्याकाळी घरी जाऊन
पातेलंभर वाटाणे उकडले
आणि तसेच झाकून ठेवले.

आणि कॉर्नेलियस टब्ज.
अकरावी, उंच, कायम उशिरा.
रोज ट्रे भरतो: किल्ली, पट्टा, फोन, नाणी,
रोज रिकामा होऊन येतो
आणि रोज यंत्र वाजतं.
मग न सांगता बाजूला होतो,
हात पसरतो, डावा पाय पुढे,
शिंप्याला माप द्यायला उभा राहावा तसा.
कांडी गुडघ्यावरून वर जाते
आणि मांडीपाशी गाऊ लागते.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै, मावशीच्या घराची पायरी.
कुणीतरी कुणावर तरी झाडलेली.
डॉक्टर म्हणाले, काढण्यापेक्षा राहू दिलेली बरी.
तसं पत्र आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं,
कडा पिवळ्या पडलेल्या.
मला ते तोंडपाठ आहे, तरी मागावं लागतं.
मग नोंदवहीत लिहायचं:
वस्तू — धातू.
जागा — डावी मांडी.
जप्त केली? — नाही.

मार्चात नवं यंत्र आलं. नुसते दोन पांढरे खांब,
आणि एक माणूस, गुळगुळीत बुटांचा.
म्हणाला, हे हुशार आहे,
चमचे-किल्ल्यांना भुलत नाही,
फक्त हत्याराचा आकार ओळखतं.
पोरं दप्तरासकट चालत राहिली,
ट्रम्पेट गेला, कड्या गेल्या.
कॉर्नेलियस आला. हिरवा दिवा.
तो माणूस माझ्याकडे बघून हसला.

पोरगा चार पावलं गेला आणि वळला,
परत खांबांमधून आला. हिरवा.
मग सवयीनं बाजूला उभा राहिला,
हात पसरून, डावा पाय पुढे,
पत्र खिशातून अर्धं बाहेर.
माझ्या हातात काहीच नव्हतं.

"जा टब्ज, बीजगणित सुरू झालं असेल."
"आता विचारणार नाही कोणी?"
"नाही."
"बरं," म्हणाला,
आणि पत्र तसंच खाली दाबलं.

आता नोंदवही नाही, सगळं पडद्यावर.
जुनी मी खणात ठेवली आहे.
त्या दिवशीच्या तारखेपुढे
माझ्याच अक्षरात:
वस्तू — धातू.
जागा — तीच.